आधी दारं जुळवा, मग वेल्डिंग: जुन्या गाडीला सबफ्रेम कनेक्टर बसवताना

राजारामपुरीत आमच्या घरासमोरचा फुटपाथ जरा उंच आहे. वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी त्यावर एक चाक चढवून लावली, की चालकाकडचं दार उघडताना अडायचं आणि लावताना कुलपावर खटकन आपटायचं. चारही चाकं सपाटीला आली की तेच दार बोटाने ढकललं तरी बसायचं. बिजागऱ्या बदलल्या, दाराचं रबर बदललं, कुलपाची पट्टी सरकवून पाहिली. फरक पडला नाही, कारण दारात दोष नव्हताच. गाडीचा सांगाडाच पिळला जात होता. त्यावरचा उपाय म्हणजे सबफ्रेम कनेक्टर: सांगाडा ताठ व्हावा म्हणून बुडाखाली पुढून मागे जोडलेले दोन पोलादी पाइप.

ज्यांनी नुकतीच जुनी पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा कॉन्टेसा हाती घेतली आहे आणि ज्यांना हाच अनुभव येतोय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. वेल्डिंग तुम्ही स्वतः करणार नसलात तरी सगळं वाचा. मिस्त्री कितीही चांगला असला, तरी वेल्डिंगचा चाप ओढण्याआधी काय मोजायचं हे गाडीच्या मालकाला माहीत पाहिजे. मला ते माहीत नव्हतं आणि त्याची किंमत मी मोजली आहे.

झालं असं, की पहिल्यांदा हे काम मी एका गॅरेजात घाईने करून घेतलं. गाडी पुढून दोन जॅकवर उचललेली होती, त्यातला एक जॅक दुसऱ्यापेक्षा बोटभर उंच. मला तो फरक दिसला होता, पण बोललो नाही. दुपारपर्यंत दोन्ही पाइप वेल्ड झाले. गाडी खाली उतरवली आणि चालकाकडचं दार वरच्या कोपऱ्यात चौकटीच्या खांबाला घासायला लागलं. पलीकडच्या दाराची फट वर मिटलेली, खाली करंगळी जाईल एवढी. आठवडाभराने उद्यमनगरातल्या एका वयस्क पत्राकाम मिस्त्रींकडे गाडी नेली. ते टॉर्च घेऊन बुडाखाली सरकले, पाच मिनिटांनी बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, "गाडी हवेत वाकडी धरून जोडलीया. आता ती तशीच ऱ्हाणार की." मग ग्राइंडरने सगळे जोड कापले, फाटलेला पत्रा सांधला आणि काम पहिल्यापासून केलं.

त्यांचं ते वाक्य या कामाचं मूळ आहे. कनेक्टर गाडीला सरळ करत नाही. ती ज्या आकारात उभी असेल, त्याच आकारात तिला बांधून टाकतो.

कनेक्टर नेमकं काय करतो

जीप किंवा जुनी स्टँडर्ड हेराल्ड खालून पाहिली तर पुढच्या टोकापासून मागपर्यंत जाणारी वेगळी चॅसी दिसते आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. अशा गाडीला सबफ्रेम कनेक्टरचा काही उपयोग नाही. पद्मिनी, ॲम्बेसेडर, कॉन्टेसा या मोनोकॉक गाड्या. त्यांना वेगळी चॅसी नसते. बुडाचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पेट्या म्हणजे सिल, खांब आणि छप्पर मिळून सगळा भार पेलतात. इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन धरायला पुढे दोन जाड पत्र्याच्या पेट्या असतात. त्यांना आपण रेल म्हणू. या रेल पुढच्या सीटच्या आसपास बुडाच्या पत्र्यात विरून जातात. मागचे पाटे किंवा स्प्रिंग धरायला मागे पुन्हा दोन रेल सुरू होतात. मधल्या हात-दोन हात अंतरात भार पेलायला उरतात ते फक्त बुडाचा पातळ पत्रा आणि सिल. खड्ड्यात एकच चाक गेलं की पुढचा भाग एका बाजूला आणि मागचा दुसऱ्या बाजूला वळू पाहतो, आणि तो पीळ या मधल्या भागात येतो. पुढची आणि मागची रेल पोलादी पेटीने जोडायची, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, हाच कनेक्टर.

नाव अमेरिकेतून आलंय. १९६७ च्या शेवरोले कॅमारोला पुढचा अर्धा सांगाडा वेगळा होता आणि तो बॉडीला रबरी बुशांवर बोल्टने बसवलेला असे. मागे बॉडीचीच रेल. या दोन्हींना जोडणाऱ्या पाइपला सबफ्रेम कनेक्टर म्हणू लागले. फोर्डची पहिली मस्टँग पूर्ण मोनोकॉक होती. तिचं उघड्या टपाचं मॉडेल काढताना कारखान्यानेच सिल आणि बुडाला जास्तीचा पत्रा घातला होता, कारण छप्पर काढलं की बॉडीची ताठरता केवढी कमी होते हे त्यांना ठाऊक होतं. अमेरिकन गाड्यांना तयार किट मिळतात. आपल्या गाड्यांना मापाने बनवून घ्यायचं, आणि कोल्हापुरात ते अवघड नाही. ऑइल इंजिनाचे भाग आणि ओतकाम करत मोठं झालेलं हे गाव आहे. शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीत पाइप, दुसरीत बेंडिंग आणि तिसरीत वेल्डिंग होऊन जातं.

आधी कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. शिवाय २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. त्यात ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज ठरायला चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. तुमच्याकडे सत्तरच्या आधीची फियाट असेल आणि तिची व्हिंटेज नोंदणी मनात असेल, तर वेल्डिंगचा कनेक्टर लावू नका. बोल्टने बसवायच्या कनेक्टरचाही विचार आरटीओत विचारल्याशिवाय करू नका. बाकीच्यांनीही पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची तारीख पाहून, आरटीओत चौकशी करूनच काम काढावं. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, पाइपची पावती, सगळं एका पाकिटात ठेवा.

गंज: इथे वेळ घालवा

कोल्हापूरच्या पावसात चाळीस वर्षं काढलेल्या गाडीचं बूड बाहेरून काळ्या कोटिंगखाली ठणठणीत दिसतं. त्यावर विश्वास ठेवू नका. गाडी स्टँडवर घ्या, कार्पेट उचला आणि लहान हातोडीने सिल व रेल सगळीकडे टकटक करत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बदबद. शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हर अंगठ्याने जोर देऊन दाबा. आत गेला, तर तिथे कनेक्टर जोडण्यात अर्थ नाही. सिलची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीसारख्या भागात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर धुऊन, रंगवून विकल्या गेल्या असतील, तर त्यांच्या सिलमधून तार फिरवल्यावर वाळलेला बारीक गाळ बाहेर पडतो. गाळ निघाला तर आधी सिलचं काम, मग बाकीचं. हा गाळ ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खात राहतो.

गंज मिळाला तर खराब भाग कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जायचं आणि नवा तुकडा सांधायचा. गंजावर पत्रा चढवून वेल्ड मारणारा मिस्त्री भेटला तर त्याला नमस्कार करून गाडी परत आणा.

पुढच्या सस्पेन्शनचे रबरी बुश, पुढची चाकं ज्यांवर वळतात ते किंगपिन, मागचे पाटे धरणारे शॅकल आणि शॉक ॲब्सॉर्बर हेही याच वेळी पाहून घ्या. ते ढिले असतील तर गाडी डोलणारच, आणि कनेक्टरने त्यात काही सुधारणार नाही.

पीळ मोजायचा कसा

यंत्र लागत नाही. ड्रिलच्या बिटांचा एक संच घ्या आणि त्यांच्या गुळगुळीत दांड्या फटीत घालून मोजा. सपाट जागी गाडी उभी करा, चारही चाकांत सारखी हवा भरा. प्रत्येक दाराच्या फटीवर वर, मध्ये आणि खाली मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि जो सर्वांत जाड बिट अडखळत न जाता आत सरकतो त्याचा आकडा पेनाने टेपवर लिहा. मग पुढचं डावं चाक जमिनीवरून सुटेपर्यंत जॅकने उचला. जॅक कुठे लावला आणि किती उंच नेला, हेही लिहून ठेवा. आता तीच मापं पुन्हा घ्या, दुसऱ्या रंगाच्या पेनाने. उजवीकडून उचलून तेच करा.

आमच्या पद्मिनीत सपाटीवर चालकाच्या दारामागे वरच्या बाजूला ५ मिलीमीटरचा बिट जात होता. चाक उचलल्यावर ३ चाही अडला. काम झाल्यावर याच जागी, याच उंचीला ४ चा आरामात गेला. टेप मी काढली नाही, काम संपेपर्यंत तशीच ठेवली होती.

यानंतर ओळंब्याचं काम. गवंडी वापरतात तोच ओळंबा. बुडाखाली डावी-उजवीकडे समोरासमोर येणारी ठरलेली भोकं किंवा बोल्ट निवडा, दोन पुढे आणि दोन मागे. प्रत्येकावरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने फुली करा. गाडी बाजूला घेतली की चार फुल्या उरतात. पुढची डावी ते मागची उजवी आणि पुढची उजवी ते मागची डावी अशी दोन तिरपी अंतरं मोजा. त्यांच्यात चार-पाच मिलीमीटरहून जास्त फरक असेल, तर गाडीला कधीतरी ठोकर बसलेली आहे. ती आधी ओढून सरळ करून घ्यावी लागेल.

कोणता पाइप

बाजारात लोक अँगल किंवा सी चॅनेल सुचवतात, कारण तो स्वस्त आणि लावायला सोपा. घरी एक प्रयोग करा. अगरबत्तीची रिकामी लांब पेटी दोन्ही टोकांना धरून पिळून बघा. मग एका कडेने ब्लेडने उभी चिरा आणि पुन्हा पिळा. पहिल्यांदा हाताला जोर लागतो, दुसऱ्यांदा ती कपड्यासारखी वळते. उघडा अँगल चिरलेल्या पेटीसारखा वागतो. म्हणून बंद चौकोनी पाइपच घ्यायचा. पत्रा यू आकारात वाकवून त्याच्या दोन्ही कडा बुडाच्या पत्र्याला वेल्ड करणं हाही चांगला मार्ग आहे, कारण मग बुडाचा पत्रा चौथी बाजू होऊन पेटी बंद होते. पण त्यासाठी बुडाच्या वळणाप्रमाणे कडा कापाव्या लागतात, नवख्याला ते जमत नाही.

पद्मिनी आणि ॲम्बेसेडरला ५० बाय २५ चा, २ मिलीमीटर जाडीचा काळा, म्हणजे जस्त न चढवलेला पाइप पुरतो. ५० ची बाजू उभी ठेवली तर तो आडव्यापेक्षा वाकायला जवळपास तिप्पट ताठ राहतो. मात्र तेवढीच जमिनीपासूनची उंची कमी होते, आणि आपल्याकडचे गतिरोधक कसे आहेत ते सांगायला नको. माझ्या गाडीत उभा बसवलाय, कारण बुडाला पन्हळीसारखा खोलगट भाग होता आणि पाइप त्यात अर्धा लपला. तुमच्या बुडाला तशी जागा नसेल तर ४० बाय ४० घ्या. मोठं इंजिन टाकलेल्या कॉन्टेसाला ५० बाय ५०, ३ मिलीमीटरपर्यंत जायला हरकत नाही. त्याचं वजन मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास. त्याहून जाड पाइप घेऊ नका. गाडीची रेल त्याहून पातळ असते, आणि जाड पोलाद पातळ पत्र्याला जोडलं की पत्रा वेल्डिंगच्या कडेने चिरत जातो.

दुकानात पाइप वजनावर मिळतो, आणि तिथेच त्याची परीक्षा होते. ५० बाय २५, २ मिलीमीटरचा ६ मीटरचा नग साधारण १३ किलो भरतो. काटा ११ च्या खाली थांबला तर हातात दिलाय तो दीड मिलीमीटरच्या आसपासचा फर्निचरचा पाइप. आयएस ४९२३ (पोकळ पोलादी पाइपचं भारतीय मानक) चा छाप असलेला माल मागा. गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जीआय पाइप स्वस्तात मिळत असला तरी नको. वेल्ड करताना जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो.

बोल्टचा की वेल्डिंगचा? माझं मत स्पष्ट आहे. गाडी रोज चालवायची असेल आणि पत्रा चांगला असेल तर वेल्डिंग. बोल्टचा कनेक्टर पुढे काढता येतो हा त्याचा एकच मोठा फायदा. तो लावायचाच असेल तर ८.८ ग्रेडचे १० मिलीमीटरचे बोल्ट, रेलच्या आत बोल्टभोवती पोलादी बुश (नळीचा तुकडा), त्यामुळे आवळताना पेटी चेपत नाही, आणि दोन्ही बाजूंना ३ मिलीमीटरची रुंद पट्टी. नुसता बोल्ट आणि वॉशर लावला तर सहा महिन्यांत भोकं लांबट होतात आणि बुडाखालून करकर ऐकू येते.

गाडी उभी करणं

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. वेल्डिंगच्या वेळी गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या वजनाने बसलेली हवी. इंजिन, गिअरबॉक्स, दारं, काचा, बॉनेट सगळं जागेवर. सीट, कार्पेट आणि बुडाला आतून चिकटवलेला डांबरी थर काढायचा, पण काढलेल्या सीटच्या बदली तेवढ्या वजनाची पोती गाडीतच, वेल्डिंगपासून लांब ठेवली तर उत्तम.

खाली जायला जागा हवी म्हणून प्रत्येक चाकाखाली चाळीसेक सेंटीमीटरचा मजबूत ठोकळ्यांचा चौथरा करा, एकावर एक आडवे-उभे लाकडी ठोकळे. किंवा चार खांबांचा रॅम्प असलेलं गॅरेज शोधा, त्यात गाडी चाकांवरच उभी राहते. दोन खांबांची लिफ्ट चालणार नाही, तिच्यावर चाकं लोंबतात आणि बॉडी मध्यभागी टांगली जाते. चारही चौथरे एका पातळीत आहेत का हे पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या लेव्हलच्या नळीने तपासा. फरक असेल तर टायरखाली प्लायवूडचे तुकडे सरकवा. चाकांना पाचर लावा. आता गाडी दोन वेळा हाताने दाबून सोडा म्हणजे स्प्रिंगा मोकळ्या होऊन बसतील. मग सगळी दारं एकेक करून लावून बघा आणि टेपवरचे पहिले आकडे पुन्हा तपासा. जुळत नसतील तर पुढे जाऊ नका.

बऱ्याच गॅरेजात जमिनीत पिट, म्हणजे गाडीखाली उतरायचा खड्डा असतो आणि तिथेच वेल्डिंग करायचा आग्रह होतो. ऐकू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती पिटात साचते. सीओटू वेल्डिंगचा वायू (कार्बन डायऑक्साइड) ही तसाच खाली बसतो आणि पिटात वाकलेल्या माणसाचा श्वास कोंडू शकतो. याबाबत मी कोणाशीही तडजोड करणार नाही.

आग लागू नये म्हणून

बॅटरी काढा. अल्टरनेटरच्या वायरी सोडा. पेट्रोलची टाकी उतरवून गॅरेजबाहेर, सावलीत ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात वाफच वाफ असते. पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या बुडाला चिकटून जात असतील तर तेवढा भाग सोडवून बाजूला बांधा. गॅस किट असेल तर सिलिंडर अधिकृत माणसाकडूनच काढून घ्या. बुडाचं कोटिंग वेल्डिंगच्या जागेपासून चार-पाच बोटं लांबपर्यंत खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या.

गाडीच्या आत एक माणूस बसवा. त्याच्याकडे भिजवलेलं पोतं, पाण्याची बादली आणि आग विझवायचं सिलिंडर. खालून वेल्ड मारला की आतल्या बाजूचा रंग आणि कोपऱ्यातला जुना कापूस पेट घेतो, आणि खालच्या माणसाला तो दिसत नाही. काम थांबल्यावरही अर्धा तास कोणी तरी गाडीजवळ थांबायचं.

कापणं, बसवणं, जोडणं

आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना करा. पुढची रेल जिथे संपते तिथून मागची जिथे सुरू होते तिथपर्यंत पुठ्ठा धरून वळणं कापत जा. हँडब्रेकची केबल, सायलेन्सर, प्रॉपेलर शाफ्ट आणि ब्रेकच्या नळ्या कुठे येतात ते पुठ्ठ्यावर आखा. सायलेन्सरपासून किमान दोन बोटं अंतर राहू द्या. इंजिन सुरू झाल्यावर ते सगळं हलतं हे विसरू नका.

जुन्या ॲम्बेसेडरवाल्यांनी इथे डोळ्यांत तेल घालून बघावं. तिच्या पुढच्या सस्पेन्शनला टॉर्शन बार असतात, बुडाखालून लांबवर मागे जाणाऱ्या पोलादी दांड्या. स्प्रिंगचं कामच त्या करतात. त्यांना उष्णता लागता कामा नये, वेल्डिंगचा थेंब किंवा अर्थचा क्लँपही (वेल्डिंग यंत्राची परतीची वायर गाडीला जोडणारा चिमटा) लागता कामा नये. एका ठिणगीच्या खुणेतून चीर सुरू होते आणि दांडी चालत्या गाडीत तुटते. ओलं पोतं गुंडाळून झाका आणि कनेक्टर त्यांच्यापासून दूर न्या.

पाइपची टोकं सरळ कापून सोडू नका. माशाच्या तोंडासारखी तिरपी कापा आणि रेलवर निदान १५ सेंटीमीटर चढवा. जोडाच्या जागी रेलवर आधी ३ मिलीमीटरची पट्टी, तिची टोकं निमुळती, म्हणजे भार एकाच रेषेवर पडत नाही. रेलवर आडवी वेल्डिंगची रेघ ओढू नका. तिथे पत्रा कमजोर होतो आणि पुढे त्याच रेघेवर तुटतो. रेघा लांबीच्या दिशेनेच. पट्टीत ८-१० मिलीमीटरची भोकं पाडून ती वेल्डने भरली की पकड पक्की होते.

वेल्डिंग सीओटू म्हणजे मिगनेच, ०.८ मिलीमीटर तारेने. आर्कच्या रॉडने बुडाचा पत्रा भोकं पडून चाळणी होतो. अर्थचा क्लँप वेल्डिंगच्या अगदी जवळ, चांगल्या पत्र्यावर. मागच्या एक्सलवर लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं.

क्रम असा. डावीकडे पुढे दोन टाके (म्हणजे ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड), उजवीकडे मागे दोन टाके, मग उजवीकडे पुढे, डावीकडे मागे. थांबा. सगळी दारं लावून बघा. फटीत बिट घालून बघा. बदल दिसला तर टाके ग्राइंडरने तोडायला दोन मिनिटं लागतात. पूर्ण वेल्ड झाल्यावर अख्खा दिवस जातो. सगळं जुळलं की बोटभर रेघ मारायची, दोन बोटं सोडायची, मग दुसऱ्या बाजूला जायचं. एकाच बाजूने सलग ओढत गेलं तर तापलेला पत्रा गार होताना आकसतो आणि गाडीला त्या बाजूला ओढतो. आमच्या मिस्त्रींनी प्रत्येक फेरीनंतर हाताचा तळवा पाइपवर ठेवून तो सोसवेल इतका गार झाल्याशिवाय पुढचा वेल्ड मारला नाही. तेवढ्या वेळात त्यांचा चहा व्हायचा. पूर्ण काम दोन दिवस चाललं आणि मी एकदाही घाई केली नाही.

पाइप बुडाच्या पत्र्याला मध्ये मध्ये टेकत असेल तिथेही बोटभर रेघा मारा, त्याने बूड घुमणं कमी होतं. बूड कापून पाइप अर्धा आत बसवायची पद्धत यापेक्षाही ताठ, पण पहिल्या गाडीवर तो प्रयोग करू नका.

पावसाआधी

पाइप आतून उघडा राहिला तर पहिल्या जूनमध्येच गंज धरतो. दोन्ही टोकं पत्र्याने बंद करा, सर्वांत खालच्या जागी ८ मिलीमीटरचं एक भोक ठेवा. वेल्डिंगच्या खुणा तारेच्या ब्रशने घासा, झिंक प्रायमरचे दोन हात, सांध्यांवर सीलर, मग अंडरबॉडी कोटिंग. कोटिंग उघड्या पत्र्यावर थेट मारू नका. त्याच्याखाली ओल अडकते आणि गंज दिसायचाही बंद होतो. पाइपच्या आत त्याच भोकातून नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) फवारा आणि जास्तीचं ठिबकून जाऊ द्या. गाडीच्या आतल्या बाजूला जळलेला रंगही विसरू नका, कार्पेट टाकायच्या आधी तिथेही प्रायमर हवा.

टाकी, नळ्या, वायरी जागेवर घाला. ब्रेकची नळी सोडवली असेल तर ब्रेकची हवा काढा. मग जॅक पुन्हा त्याच जागी, त्याच उंचीला लावून टेपवर तिसऱ्या रंगाने आकडे लिहा.

पहिली फेरी

मी पहाटे शिवाजी पुलावरून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. केर्लीपर्यंत सावकाश, खिडक्या बंद, रेडिओ बंद. ऐकायचं ते एवढंच: करकर, टणटण, सायलेन्सरचा पाइपला लागणारा आवाज. वाघबीळच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये वळणं घेताना डॅशबोर्डची किरकिर गेली होती. स्टिअरिंग वळवलं की आधी पुढचा भाग वळायचा आणि मागचा अर्धा क्षण उशिरा यायचा, तसं आता होत नव्हतं. खड्डा मात्र जरा जास्त जाणवतो, कारण आधी बॉडी वाकून जे पचवायची ते आता स्प्रिंगा आणि शॉकवर येतं. शॉक जुने असतील तर हे लगेच कळेल.

वर पोचल्यावर गाडीखाली वाकून प्रत्येक जोड टॉर्चने बघा. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर ती चीर असू शकते. तेवढा रंग खरवडून तपासा. बोल्टवाल्यांनी शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत. त्यानंतर पंधरा दिवसांनी एकदा, आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा. ऑक्टोबरात त्या ८ मिलीमीटरच्या भोकात तार घालून फिरवा. तारेला लाल चिखल लागून आला तर भोक मोकळं करा, आत पाण्याचा हलका फवारा मारा, दोन दिवस उन्हात सुकू द्या आणि वॅक्स पुन्हा भरा.